डांबरगोळीचा भरवसा

(बारामतीत झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती कमी केली आहे. शेवटची प्रश्नोत्तरे थोडक्यात दिली आहेत.)

 

दारातच एकानं मला विचारलं, "किड्यांवर व्याख्यान?" हो, किड्यांवर. पण खरं सांगायचं तर किड्यांवर कमी आणि आपल्या सवयींवर जास्त.

छोट्या संग्रहांची कोठारं बघत मी बरीच वर्षं फिरतोय. शाळेतलं वस्तुसंग्रहालय, वाचनालयाची मागची खोली, देवस्थानातली पोथ्यांची पेटी, वाड्यातलं दप्तर. मोठ्या शहरातल्या मोठ्या संग्रहालयाबद्दल मी आज बोलणार नाही, कारण तिथं निदान बघायला माणूस असतो. या छोट्या ठिकाणी मी एक प्रश्न नेहमी विचारतो : किडीसाठी काय करता? आणि उत्तरं तीनच येतात. एक, डांबरगोळ्या टाकतो. दोन, वर्षातून एकदा पेस्ट कंट्रोलवाला येऊन फवारून जातो. तीन, आमच्याकडं पहिल्यापासून वेखंड आणि कडुलिंबाचा पाला ठेवतात.

या तिन्ही उत्तरांची आज समीक्षा करायची आहे. ती करताना मी बाहेर उभा राहून बोलत नाही. पहिलं उत्तर मीसुद्धा अनेक वर्षं देत होतो. एका गावात एका घराण्याची पत्र्याची पेटी होती. पाटाच्या पाण्याच्या पाळ्या, कुणाच्या रानाला कोणत्या दिवशी पाणी, कोण आलं, कोण भांडलं, अशा नोंदींचे कागद त्यात होते. मी ते रुमालात बांधून दिले, डांबरगोळ्यांच्या पुरचुंड्या ठेवल्या, झाकण लावलं आणि सांगितलं, "आता काळजी नाही." सात वर्षांनी पेटी उघडली. गोळ्या उडून गेल्या होत्या, वास तेवढा होता. खालच्या दोन रुमालांची चाळण झाली होती. कागद उचलला की नावं हातातून खाली पडत होती. त्या नोंदींची दुसरी प्रत कुठंच नाही.

तिथं चूक किड्याची नव्हती. मी बांधले तेव्हाच अळ्या गठ्ठ्याच्या आत होत्या, आणि मी बघितलंच नव्हतं. वर झाकण लावून त्यांना सात वर्षं निवांतपणा मात्र मी दिला. तेव्हा आजचं माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. आपण किडीवर औषध विकत घेतो, पण कीड बघत नाही; आणि न बघता टाकलेलं औषध हे औषध नसतं, ती आपल्या मनाची समजूत असते.

हे बारामतीतच का बोलायचं

हे व्याख्यान मी मुद्दाम बारामती-इंदापूर डोळ्यासमोर ठेवून तयार केलं, त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण, इथं जपण्यासारखं पुष्कळ आहे. मोरोपंत बाबूजी नाइकांच्या आश्रयानं बारामतीत राहिले, इथंच लिहीत राहिले आणि १७९४ साली इथंच गेले. महाराष्ट्रात छापखाना रुजायच्या आधीची ती गोष्ट. म्हणजे त्यांची कविता पुढच्या पिढ्यांकडं गेली ती हातानं उतरवलेल्या पोथ्यांतून. इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला आणि या दोन्ही तालुक्यांचं नशीब पालटलं. मग वालचंदनगर, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर. पुढं उजनीच्या पाण्यात गावं गेली, पळसदेवसारखी गावं वर सरकली. या सगळ्याचे कागद, नकाशे, फोटो, अवजारं, पागोटी, पालखीचं कापड, हे कुठं ना कुठं एखाद्या माळ्यावर, एखाद्या कपाटात पडून आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला आणि पुढं आयुष्यभर ते गावोगाव दप्तरं शोधत फिरले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. पण जे तिथवर पोचलं नाही ते अजून आपल्याच घरात आहे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. कीड कशी बघायची हे या भागातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. इंदापूरचा डाळिंबवाला किंवा बारामतीचा द्राक्षवाला सकाळी बागेत जातो आणि पान उलटून बघतो. पिवळे चिकट सापळे लावतो. कामगंध सापळ्यात किती पतंग पडले ते मोजतो. गुलाबी बोंडअळीचं तर गणितच ठरलेलं आहे : एका सापळ्यात रोज आठ पतंग, असं सलग तीन दिवस झालं, की मग उपाय करायचा. पहिला पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे बाभळी-कडुलिंबावर जमतात, तेव्हाच ते गोळा करायचे, हे उसवाल्याला पाठ आहे. शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात हेच शिकवतात. याला आपण एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणतो.

गंमत अशी की संग्रहालयवाल्यांनी हा विचार शेतीकडूनच उचलला. १९५९ साली कॅलिफोर्नियात चार कीटकशास्त्रज्ञांनी लसूणघासाच्या पिकावर काम करताना तो नीट मांडला. सरसकट फवारू नका, किडीची संख्या मोजा, नुकसानीच्या पातळीपर्यंत ती पोचतेय असं दिसलं तरच हात उचला. संग्रहालयांकडं हा विचार साधारण १९८० च्या दशकात आला. म्हणजे शेतकरी पुढं होता, संग्रहालय मागून आलं. आणि तरी काय होतं? सकाळी बागेत भिंग घेऊन पान तपासणारा तोच माणूस संध्याकाळी घरातल्या दप्तराच्या पेटीत न बघता दोन गोळ्या टाकतो. शेतात जे कळतं ते कोठारात का कळत नाही? कारण पीक आपण रोज बघतो. दप्तर बघत नाही.

"कसर लागली" हे निदान नव्हे

आपल्या भाषेत सोय अशी आहे की कागद खराब झाला की "कसर लागली" म्हणायचं आणि लाकूड खराब झालं की "वाळवी लागली". शेतकऱ्यानं कृषी केंद्रात जाऊन "पिकाला रोग पडलाय, औषध द्या" एवढंच सांगितलं तर दुकानदार तरी विचारतो, कोणतं पीक, कोणता रोग. आपण तेवढंही विचारत नाही. म्हणून थोडी ओळख करून घेऊ. सगळे किडे सांगत नाही. आपल्याकडं कोठारात हमखास भेटतात तेवढे सांगतो.

खरी कसर, जिला सिल्व्हरफिश म्हणतात, ती रुपेरी, चपळ, शेपटीला तीन केस. ती कागदाला भोक पाडत बसत नाही, वरून खरवडते. तिला कागदापेक्षा खळ आवडते. आपला जुना कागद, जुन्नरी म्हणा, दौलताबादी म्हणा, खळ लावून घोटलेला असायचा. म्हणजे तिच्यासाठी ताट वाढलेलंच. पण तिला ओल लागते. कसर दिसली तर तिचा अर्थ "किडा आला" एवढाच नाही, "इथं कुठंतरी ओल आहे" असा आहे.

पुस्तकाच्या पुठ्ठ्यातून आरपार गोल भोक, टाचणीच्या डोक्याएवढं, आणि आत बोगदे दिसले तर ती कसर नव्हे. तो भुंगेरा आहे. त्यातला एक तंबाखूचा भुंगेरा, तांबूस, दोन-तीन मिलिमीटरचा, डोकं खाली मुडपून घेतलेला. घरातल्या हळदीत, मिरचीत, तंबाखूत जो सापडतो तोच हा. आता बघा, पुष्कळ ठिकाणी पोथ्यांत संरक्षण म्हणून तंबाखूची पानं ठेवलेली मी बघितली, हळदीची पूड भुरभुरलेली बघितली. इतर कुठल्या किड्याला त्याचा त्रास होत असेल, पण हा किडा तर तेच खातो. आपण त्याला जेवणाचं आमंत्रण देतोय.

लोकर, रेशीम, पीस, चामडं, यांना वेगळी मंडळी लागतात. कापडाचा पतंग, आणि केसाळ अळ्यांचे छोटे ठिपकेदार भुंगेरे. धान्यातला खपरा भुंगेरा तुम्हाला माहीत आहे, हे त्याच्याच कुळातले. यांच्यातल्या एकाला लिनियसनं अठराव्या शतकातच संग्रहालयावरून नाव दिलं : अँथ्रेनस म्युझिओरम. म्हणजे संग्रहालयांची आणि त्याची ओळख किती जुनी ते बघा. यांचा मागमूस म्हणजे टाकलेल्या केसाळ काती. जुन्या घोंगडीची घडी उलगडल्यावर बारीक केसाळ सालपटं पडली, तर तो कचरा म्हणून झटकू नका. ते निदान आहे.

लाकडात तीन गोष्टी बघायच्या. टाल्कम पावडरीसारखं मऊ पीठ पडत असेल तर लाकूड पोखरणारा भुंगेरा. खसखशीसारखे दाणे पडत असतील, आणि भिंगाखाली ते सहा पैलूंचे दिसत असतील, तर कोरड्या लाकडातली वाळवी. आणि भिंतीवरून मातीची नळी चढत आलेली असेल तर जमिनीतली वाळवी. तिघींचा इलाज वेगळा. तिसरीचं घर तर तुमच्या खोलीत नाहीच, ते बाहेर जमिनीत आहे. कपाटावर कितीही फवारा, राणी तिथं बसलेलीच नाही.

हे सगळं ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. दहा पट दाखवणारं भिंग, बॅटरी, पांढरा कागद आणि धीर, एवढं पुरतं. पण "पेस्ट कंट्रोल करून घेतलं" या पावतीवर मी आजवर एकदाही किड्याचं नाव लिहिलेलं बघितलेलं नाही. माझी त्या धंद्याबद्दल तक्रार नाही. आपण विचारलंच नाही तर तो लिहील कशाला?

गोळी आणि फवारा

आता डांबरगोळी. नॅफ्थलीनची वाफ किड्याला मारते का? पुरेशी दाट झाली तर मारते. ती दाट व्हायला पेटी हवाबंद लागते आणि गोळ्या भरपूर लागतात. आपल्या कपाटाच्या फटीतून वाफ बाहेर जाते, आणि ती कपाटातल्या किड्याऐवजी खोलीत बसलेल्या माणसाच्या नाकात जाते. कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या जागतिक यादीत नॅफ्थलीन आहे. ज्या वाचनालयात पोरं तासन् तास बसतात तिथं मूठमूठ गोळ्या टाकणं ही काळजी नाही. शिवाय गठ्ठ्याच्या पोटात बसलेल्या अळीपर्यंत ती वाफ फारशी जात नाही. गोळीचं खरं काम वेगळंच आहे. वास येत राहतो, आणि वास येतोय तोवर आपण पेटी उघडत नाही. माझ्या पेटीचं हेच झालं.

फवाऱ्याचा दोष आणखी सरळ आहे. भिंतीच्या कडेला मारलेला फवारा झुरळाला लागतो, पुस्तकाच्या आतल्या अळीला लागत नाही. आणि वस्तूवरच मारला तर डाग पडतो, रंग फुटतो, धातू काळा पडतो आणि विष कायमचं वस्तूवर बसतं. जगभरच्या जुन्या संग्रहालयांत शंभर वर्षांपूर्वी पक्षी-प्राण्यांच्या कातड्यांना लावलेलं सोमल आजही हातमोजे घालून हाताळावं लागतं.

या भागासाठी एक गोष्ट जोर देऊन सांगतो. आपल्याकडं धान्यात टाकायची गोळी घराघरात माहीत आहे. अॅल्युमिनियम फॉस्फाइड. "धान्याचं चालतं तर पोथीचं का नाही" असं मला दोनदा विचारलं गेलंय. नाही चालत. तिच्यातून निघणारा वायू माणसाला मारतो, बंद खोलीत तर नक्कीच. म्हणून तिच्या विक्रीवर आणि वापरावर कायद्यानं बंधन आहे. दुसरं, तो वायू तांब्याला खातो. ताम्रपट, नाणी, पितळी मूर्ती, फोटोतली चांदी, सगळ्याला धोका. पूर्वी मोठ्या संग्रहालयांत मिथिल ब्रोमाइड वापरत. ओझोनच्या थरासाठी झालेल्या माँट्रियल करारानं विकसनशील देशांतही २०१५ पर्यंत त्याचा सर्वसाधारण वापर थांबवला. म्हणजे जगच "धूर सोडा आणि निश्चिंत व्हा" या वाटेवरून मागं फिरलंय. आपण अजून त्याच वाटेवर पुढं चाललोय.

वेखंडाची बाजू

तिसरं उत्तर आजीचं. इथं मला दोन्हीकडच्या लोकांशी भांडायचं आहे. एक म्हणतात, हे सगळं थोतांड. दुसरे म्हणतात, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, वेखंड ठेवा, पाश्चात्त्य खूळ नको.

वेखंडात किड्यांवर परिणाम करणारं तेल आहे. धान्याच्या किडीवर त्याचे प्रयोग झालेत आणि गुण दिसलाय. कडुलिंबाचं तर सांगायलाच नको. तेव्हा थोतांड नाही. पण हे दोन्ही फार तर किड्याला नकोसं करतात. आत शिरलेल्या किड्याला बाहेर काढत नाहीत. आणि वाळलेला पाला वर्षभरानं नुसता पाला राहतो. त्याचा भुगा कागदात पडतो, आणि तो भुगा दुसऱ्या किड्याला आसरा होतो.

मग जुन्या पोथ्या टिकल्या कशा? माझं मत असं आहे की त्या वेखंडानं टिकल्या नाहीत, हातानं टिकल्या. जुन्या लेखनिकांची पोथीच्या शेवटी एक ठरलेली विनंती असे. तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला वाचव, मूर्खाच्या हाती देऊ नकोस, असं पोथीच म्हणते. या यादीत किडा नाही. पण सैल बांधणी आहे! दोन फळ्यांमध्ये घट्ट दाबून बासनात बांधलेल्या पोथीत किड्याला शिरायला फट राहत नाही. आणि ती पोथी वाचली जात होती. चातुर्मासात बाहेर येत होती, दसऱ्याला पूजेसाठी बाहेर येत होती, पानं उलटली जात होती, वाऱ्यावर ठेवली जात होती. वर्षातून चार वेळा कुणीतरी ती बघत होतं. आपण त्या सगळ्या व्यवस्थेतून वेखंड तेवढा उचलला आणि बघणं सोडून दिलं. परंपरा पाळल्याचं समाधान मिळालं, पण परंपरेतलं काम कुणी केलं नाही.

शेताची उपमा कुठं तुटते

आता माझ्याच मुद्द्याची समीक्षा करतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, यानं शेतीचं सगळं कोठाराला चिकटवलं.

शेतात आर्थिक नुकसानीची पातळी असते. थोडी कीड चालते. दहा टक्के गेलं तरी नव्वद हाती येतं, आणि नाहीच आलं तर पुढचा हंगाम आहे. दप्तराला पुढचा हंगाम नसतो. गेलेलं अक्षर पुन्हा उगवत नाही. तेव्हा "किती नुकसान परवडेल" हे शेतीचं गणित इथं लागू नाही. मग पातळी कशाची ठरवायची? नुकसानीची नाही, आपल्या हालचालीची. सापळ्यात एक झुरळ सापडलं : दाराची फट बघा. एकाच कोपऱ्यात चार-पाच कसरी : तिथली ओल शोधा. केसाळ भुंगेऱ्याची एकच अळी : शेजारचा गठ्ठा त्याच दिवशी बाजूला काढून तपासा. संख्या कमी-जास्त असेल, पण प्रत्येक आकड्याला एक ठरलेलं काम जोडलेलं पाहिजे.

अशीच तक्रार माझी इंग्रजी पुस्तिकांबद्दल आहे. त्या चांगल्या आहेत, मी त्यातूनच शिकलो. पण त्या थंड देशात लिहिल्या गेल्या. हिवाळ्यात किडा मंदावतो असं त्या धरून चालतात. आपल्याकडं तो बारा महिने जेवतो. त्या म्हणतात खोलीची आर्द्रता यंत्रानं स्थिर ठेवा. आपल्याकडं यंत्र आलं तरी वीज जाते. पण आपली एक बाजू त्या पुस्तिकांना माहीत नाही. बारामती-इंदापूर पर्जन्यछायेत आहे. पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास. कोकणातल्या संग्रहपालाला मी हेवा वाटेल अशी गोष्ट सांगतोय : आपली हवा वर्षातले बरेच महिने कोरडी असते. कसर आणि पुस्तकातल्या उवा यांना ती मानवत नाही. म्हणजे निम्मं काम निसर्ग करतो, आपण ओल आत आणली नाही तर! आणि आपण ती आणतो. गळकं छप्पर, भिंतीला टेकवलेलं कपाट, शेजारचं न्हाणीघर, खिडकीखाली दिवसातून दोनदा भरपूर पाणी घातलेल्या कुंड्या. आपला धोक्याचा काळ म्हणजे परतीचा पाऊस, सप्टेंबर आणि ऑक्टोबरची सुरुवात. त्या दिवसांत बघणं वाढवा.

दुसरी गोष्ट दाटीची. २०११ मध्ये इक्रोम आणि युनेस्को यांनी जगभरच्या संग्रहालयांच्या कोठारांची पाहणी केली. तिचं सार आपल्याला घरबसल्या कळेल असं आहे : जागा नाही, दाटी झाली आहे, आणि आत काय आहे ते काढता येत नाही. जिथं हात जात नाही तिथं नजर जात नाही, आणि जिथं नजर जात नाही तिथं किडा निर्धास्त असतो. म्हणून एखाद्या कोठारात पैसे आले तर आधी औषध घेऊ नका. आधी मोकळी वाट करा. रॅक लोखंडी घ्या, भिंतीपासून वीतभर पुढं ठेवा, खालचा कप्पा जमिनीपासून वर घ्या. मग वाळवीची नळी आली तर दिसेल तरी.

करायचं काय

फार थोडं. चिकट सापळे आणा, झुरळांसाठी मिळतात ते चालतात. एका खोलीला पाच-सहा पुरे. भिंतीच्या कडेला, दाराच्या दोन्ही बाजूंना, खिडकीखाली, कोपऱ्यात. प्रत्येकावर नंबर आणि तारीख. खोलीचा साधा नकाशा काढून त्यावर नंबर लिहा. दर पंधरा दिवसांनी बघा आणि वहीत लिहा : कोणता सापळा, कोणता किडा, किती. काहीच नसेल तर "काही नाही" असं लिहा. तेही लिहायचं, कारण पुढच्या महिन्यात त्याचीच तुलना लागते. सापळा किडे मारण्यासाठी नाही, तो आपला खबऱ्या आहे. हे विसरलात तर तीही नवी डांबरगोळीच होईल.

नवी वस्तू आली की ती थेट कोठारात नेऊ नका. गोठ्यात नवं जनावर आणलं की काही दिवस वेगळं बांधतो ना? तसंच. पारदर्शक पिशवीत बंद करून पांढऱ्या कागदावर महिनाभर ठेवा. पीठ पडतंय का, काती दिसतात का, ते बघा.

पहिल्या पावसानंतर दिव्यावर पंखवाले किडे आले तर नुसते झाडून टाकू नका. ते बाहेरून आले की आतल्या भिंतीतून निघाले, ते बघा. आतून निघाले असतील तर वाळवी घरातच आहे. आणि दसऱ्याला पूजेसाठी पुस्तकं काढताच, तर त्या दिवशी हळद-कुंकू कागदाला न लावता पानं उलटून बघा. ती पूजा पुस्तकाला जास्त उपयोगी पडेल.

प्रश्नोत्तरं

*सर, आमच्या घरी सासऱ्यांचं दप्तर आहे. आत्ता भोकं दिसतात. आज रात्री काय करू?*

ताई, आज रात्री एकच करा. तो गठ्ठा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि बाकीच्या कागदांपासून लांब ठेवा. झटकू नका, उन्हात टाकू नका. उन्हानं शाई उडते, कागद ठिसूळ होतो, आणि अंडी तशीच राहतात. मग खात्री करा, किडा जिवंत आहे की भोकं जुनी आहेत. पिशवीखाली पांढरा कागद राहू द्या. आठ दिवसांत ताजा भुसा पडला तर जिवंत. जिवंत असेल तर साध्या कागदासाठी आणि सुती कापडासाठी गोठवण्याचा उपाय आहे. पिशवीतली हवा काढून, आइस्क्रीमवाल्याकडं असतो तसल्या डीप फ्रीझरमध्ये उणे अठरा अंश किंवा त्याखाली दोन आठवडे. मध्ये वीज बराच वेळ गेली तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, नाहीतर कागदावर दव धरतं. काचेच्या फोटोपट्ट्या, रंगवलेली चित्रं, हस्तिदंत, लाख किंवा जडावाचं काम असलेल्या वस्तू यात टाकू नका. त्यांच्यासाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जतन केंद्रासारख्या ठिकाणी विचारा.

*आमच्या वाड्याच्या तुळयांना आम्ही दरवर्षी रॉकेल पाजतो. बरोबर आहे ना?*

दादा, आग लागायची सोय आहे, बाकी काही नाही. ते उडून जातं, डाग राहतो. आधी सांगा, खाली पीठ पडतं की दाणे?

*ते... बघितलं नाही.*

मग घरी गेल्यावर तुळईखाली वर्तमानपत्र पसरा. आठ दिवसांनी काय पडलंय ते पुडीत बांधून मला दाखवा. औषधाचं नंतर बोलू.